तुळईची गिटार

[दृश्य: सदाशिव पेठ. अर्धा पाडलेला वाडा. विटांच्या ढिगाऱ्यावर आडवी पडलेली तुळई.]

हा आमचा वाडा. शंभरी कधीच ओलांडली होती. गेल्या उन्हाळ्यात तो बिल्डरकडे गेला. जुनं लाकूड घेणारा टेम्पो घेऊन आला, तेव्हा माजघरावरची ही तुळई मी बाजूला ठेवायला सांगितली. काय करणार, असं सगळ्यांनी विचारलं. गिटार करणार, असं सांगितलं. कुणाला पटलं नाही. काका तेवढे काही बोलले नाहीत.

काका म्हणजे माझे धाकटे काका. वय ७८. तरुणपणी गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदात ते हवाईयन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी बार, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. त्या काळात रेडिओवर सिनेमाच्या गाण्यांच्या धून लागायच्या, सुनील गांगुलींनी याच वाद्यावर वाजवलेल्या. काकांची गिटार पुढे एका अडचणीच्या वर्षी विकली गेली. घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही. पण स्वयंपाकघरातला बत्ता हातात आला की त्यांचं मनगट आपसूक हलतं, हे मी लहानपणापासून पाहत आलोय.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. ॲल्युमिनियमची, गोल अंगाची, लांब मानेची गिटार.]

हे वाद्य हवाईचं. जोसेफ केकुकू नावाच्या मुलानं १८८०च्या दशकाच्या अखेरीस गिटारच्या तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून ही तऱ्हा घडवली. पुढे अमेरिकेत हवाईयन संगीताची लाट आली आणि एक अडचणही आली: मोठ्या बँडमध्ये गिटार ऐकूच जाईना. त्यावर जॉर्ज बीचम यांनी तोडगा काढला. तारांखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं, भोवती घोड्याच्या नालेसारखे दोन चुंबक. तारांचं कंपन यातून विजेत उतरतं आणि आवाज वाढवता येतो. १९३१ मधला पहिला नमुना लाकडी होता. १९३२ मध्ये रिकनबॅकरनं तीच गिटार ओतीव ॲल्युमिनियममध्ये बाजारात आणली. आकारावरून लोक तिला फ्राइंग पॅन म्हणू लागले. बाजारात यशस्वी झालेली जगातली पहिली इलेक्ट्रिक गिटार हीच, मांडीवरची. पेटंट मात्र १९३७ मध्ये मिळालं.

ॲल्युमिनियमचा एक दोष होता. रंगमंचावरच्या दिव्यांनी धातू तापायचा, पसरायचा आणि जुळवलेले सूर हलायचे. म्हणून मी लाकूड घेतलं. खरं तर हे कारण नंतर सुचलं. लाकूड आधीच ठरलं होतं.

[दृश्य: भवानी पेठ, टिंबर मार्केट. करवतीचा आवाज.]

जुनी तुळई चिरून द्यायला वखारवाले सहजी तयार होत नाहीत. आत खिळा असला तर पातं जातं. इथल्या मिस्त्रींनी आधी चुंबक घेऊन तुळईभर हात फिरवला. सहा खिळे निघाले. प्रत्येकाभोवती साग काळा पडला होता. एक भोक मी तसंच ठेवलंय, वरच्या अंगाला. तिथे आजीचा कंदील टांगलेला असायचा.

पावणेदोन इंच जाडीची फळी निघाली. रंधा मारताच असा वास सुटला, की माजघर आठवलं. साग तेलकट असतो. फेविकॉल लावण्याआधी थिनरनं पुसून घेतला नाही, तर सांधा काही महिन्यांत सुटतो. धारही लवकर जाते. पटाशी दर अर्ध्या तासानं दगडावर घासावी लागत होती.

इथे मान बारीक करायची गरज नसते, कारण बोटं मानेभोवती जातच नाहीत. सहा तारा मिळून साठ-सत्तर किलोचा ताण देतात. तो या फळीनं बिनतक्रार पेलला. तिनं आमच्या डोक्यावरचा मजला पेलला होता.

[दृश्य: टेबलावर स्केल, कंपास, पितळी अँगल. हातांचा क्लोजअप.]

आता खरं काम. या गिटारला पडदे नाहीत, फक्त रेघा असतात. मूळ गिटारचं माप घेतलं, साडेबावीस इंच, म्हणजे ५७१.५ मिलिमीटर. त्याला १७.८१७ नं, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे सूर पाडणाऱ्या आकड्यानं भागायचं: पहिली रेघ ३२.१ मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागायचं, म्हणजे दुसरी. असं करत गेलं, की बारावी रेघ बरोबर मध्यावर येते, २८५.७५ वर. माझी पहिल्या खेपेला दीड मिलिमीटर चुकली. सगळ्या रेघा घासून पुन्हा आखल्या.

मग तारा ज्यांच्यावर टेकतात ती दोन टोकं, घोडी आणि वरची पट्टी. दोन्ही बोहरी आळीतल्या पितळी अँगलच्या. तारा फळीपासून तीन सूत उंच, म्हणजे बार कितीही दाबला तरी तार लाकडाला टेकत नाही.

ही खाच पाहा. जाड तारेसाठी ती खोल आहे, बारीक तारेसाठी उथळ. बार सरळ असतो, त्यामुळे सहाही तारांचा वरचा माथा एका पातळीत यायला हवा. एक तार केसभर खाली राहिली, तरी बार तिच्यावरून नुसता जातो आणि ती खरखरते. कानस दोनदा फिरवायची, तार बसवायची, वर स्केल ठेवून उजेडात फट बघायची, तार काढायची. या सहा खाचांना मला चार संध्याकाळ लागल्या. अख्ख्या गिटारमध्ये माझं सगळ्यात आवडतं काम हेच.

[दृश्य: तपकीर गल्ली, मग घर. शिलाई मशीनची मोटर फिरतेय.]

वेटोळ्याची तार केसाहून बारीक, ४६ गेजची. मोटर वाइंडिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात ती वजनावर मिळते. बीचम यांनी घरच्या वॉशिंग मशीनची मोटर वापरली होती, असं सांगतात. मी आईच्या शिलाई मशीनची वापरली. फेरे मोजायला साधा कॅल्क्युलेटर: एक अधिक एक दाबायचं आणि बरोबरच्या बटणाला दोन वायरी जोडून चाकावरच्या चुंबकानं एक स्विच मिटवायचा. चाक फिरलं की आकडा एकानं वाढतो.

५,२१२ वर तार तुटली. दोन बोटांत धरलेली तार एकदम हलकी लागली, तेव्हाच कळलं. सांधून पाहिली, सांधा टिकला नाही. सगळी उलगडून फेकली आणि दुसऱ्या दिवशी शून्यापासून सुरुवात केली. या वेळी ७,५०० फेरे झाले. जवळजवळ एक किलोमीटर तार. मीटरवर वेटोळ्याचा रोध सहा किलोओहमच्या जरा वर आला, तेव्हा मी आईला हाक मारून दाखवला.

तसे नालेचे चुंबक आता मिळत नाहीत. जुन्या बाजारात तीन रविवार फिरलो. शेवटी लोखंडी पट्टी वाकवून दोन नाला केल्या आणि खाली फेराइटचे चुंबक बसवले. हुबेहूब नक्कल नाही ही. तारा मात्र तशाच, नालांच्या मधून जातात.

बार भोसरीत लेथवर करून घेतला. स्टेनलेस स्टील, पाऊण इंच व्यास, तीन इंच लांब, १७० ग्रॅम. पॉलिश करणाऱ्या दादांनी विचारलं, "एवढा आरसा कशाला हवा?" मी म्हणालो, "पुसटसा ओरखडा राहिला तरी तार फुसफुसते." त्यांनी तो परत चाकावर धरला.

[दृश्य: लाखेचं पॉलिश. सागाचा रंग उघडतो.]

आपल्याकडे हे वाद्य इतकं रुजलं याचं मला नवल वाटत नाही. विचित्र वीणेवर काचेचा बट्टा सरकतच होता. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ऐकायला आपला कान तयारच होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टाऊ मो हे हवाईचे वादक कोलकात्यात राहून हे वाद्य वाजवत होते. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी त्यावर राग मांडला. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांची ध्वनिमुद्रिका आली, ती काकांनी इतकी वाजवली, की तिच्यावर पांढरे चरे पडले आहेत.

[दृश्य: काकांची खोली. खिडकीतून संध्याकाळचा उजेड.]

गिटार घेऊन गेलो, तेव्हा मी ती हवाईच्या पद्धतीनं लावली होती. काकांनी एकदा सगळ्या तारा छेडल्या आणि खुंट्या पिळायला लागले. सा प सा ग प सा. पन्नास वर्षांत विसरले नव्हते.

"काका, रेघा नीट दिसतायत ना? पांढरा रंग भरलाय."

"त्या तुझ्यासाठी ठेव." त्यांनी डोळे मिटले होते.

बार तारेवर ठेवला. हात थोडा कापत होता, आणि त्या कापण्यानं सुराला आंदोलन येत होतं. गंधारावरून ते खाली यायला लागले, सावकाश, मधे कुठेही न थांबता. आजीच्या कंदिलाचं भोक त्यांच्या मनगटाखाली होतं. षड्जावर आले आणि तार पूर्ण विझेपर्यंत बार उचलला नाही.

मग डोळे न उघडताच म्हणाले, "तिसरी उतरलीय रे. जरा पिळ."