मुळासकट पडलेला दात आणि एका एन्झाइमची गोष्ट

(पडद्यावर: तळहातावर दुधाचा एक दात, मूळ पूर्ण दिसतंय)

हा दात नीट बघा. सहा-सात वर्षांच्या पोराचा दुधाचा दात पडतो तेव्हा त्याला मूळ जवळजवळ उरलेलंच नसतं, खालून पक्का दात वर सरकत असतो तेव्हा ते मूळ हळूहळू झिजून जातं आणि हातात येतो तो फक्त वरचा भाग. या दाताला अख्खं मूळ आहे, लांब, टोकदार, आणि असा दात पडतो तो तीन वर्षांच्या, कधी दोन वर्षांच्याही मुलाचा, बहुतेक वेळा खालचा पुढचा. कीड नाही, मार लागलेला नाही. घरचे म्हणतात खेळताना आपटला असेल कुठेतरी, आणि विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये, कारण असा दात हायपोफॉस्फटेशिया नावाच्या आजाराची खूण असू शकतो, म्हणून हा व्हिडिओ.

होसे लुईस मियान हे आजच्या गोष्टीतले मुख्य संशोधक. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ला होया म्हणून समुद्राकाठचं गाव आहे, तिथे सॅनफर्ड बर्नहॅम प्रेबिस ही संस्था, आणि तिथे या माणसाने जवळपास सगळं करिअर अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमच्या, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, कुटुंबावर घालवलं. नाव ओळखीचं वाटेल, कारण आपल्याकडे कुणाचीही एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, केली की एसजीओटी-एसजीपीटीच्या आसपास एएलपी म्हणून जी ओळ असते ना, तीच ही. ती वाढली की डॉक्टर लिव्हर बघतात, पित्तनलिका बघतात. कमी आली तर? बहुतेक वेळा कुणी बघतच नाही, कमी म्हणजे चांगलंच असं आपण धरून चालतो.

गंमत म्हणजे या संस्थेचं मूळच या एन्झाइममध्ये आहे. विल्यम फिशमन हे बॉस्टनचे बायोकेमिस्ट, त्यांच्या टीमला 1968 मध्ये रीगन आडनावाच्या एका कॅन्सर पेशंटच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फटेजचा असा प्रकार सापडला जो एरवी गरोदर बाईच्या वारेत बनतो. त्या पेशंटच्याच नावाने तो ओळखला गेला. फिशमन आणि त्यांच्या पत्नी लिलियन यांनी 1976 मध्ये ला होयाला कॅन्सर संशोधनाची संस्था काढली, तीच पुढे नावं बदलत आजची संस्था झाली. मियान तिथे फिशमन यांच्याबरोबर काम करत होते आणि त्यांचा सुरुवातीचा विषय हाच होता, वारेतलं अल्कलाइन फॉस्फटेज, अंडकोषाच्या कॅन्सरमध्ये ते कसं दिसतं, त्याचा जीन कसा आहे. हाडं, दात, कूर्चा हे सगळं नंतर आलं.

आता थोडं मागे जाऊ, कारण मागचं कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

(पडद्यावर: जुनं लंडन, मग वाढणाऱ्या हाडाच्या टोकाचा छेद)

1923, लंडनची लिस्टर इन्स्टिट्यूट. रॉबर्ट रॉबिसन यांनी असं बघितलं की लहान प्राण्यांच्या वाढत्या हाडांमध्ये एक एन्झाइम आहे आणि ते सेंद्रिय संयुगातून फॉस्फेट मोकळं करतं, मग तिथे कॅल्शियम फॉस्फेट जमू लागतं. आईच्या पोटात असताना आपली बरीचशी हाडं आधी कूर्चेची असतात, मऊ, आणि मग ती कडक होत जातात, जन्मानंतरही हाडाच्या टोकाला कूर्चेची एक पट्टी राहते आणि उंची तिथूनच वाढते. रॉबिसनना दिसलं की ज्या कूर्चेचं पुढे हाड होणार आहे तिथे हे एन्झाइम भरपूर असतं, आणि जी कायम कूर्चाच राहणार तिथे जवळजवळ नसतं. इतकी साधी आणि इतकी मोठी गोष्ट! पण ते एन्झाइम नसलं तर माणसाचं काय होतं, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

ते कळलं 1948 मध्ये, टोरंटोला. जॉन रॅथबन नावाच्या बालरोगतज्ज्ञाकडे एक तान्हं बाळ आलं, लक्षणं मुडदुसाची, वजन घटतंय, झटके येतायत. मुडदुसात अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं हे तेव्हाही माहीत होतं, पण या बाळात ते जवळपास नव्हतंच. बाळ वाचलं नाही. रॅथबन यांनी या आजाराला नाव दिलं हायपोफॉस्फटेशिया. कॅनडाच्याच मॅनिटोबा भागात मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती समाजात याचा सगळ्यात गंभीर प्रकार साधारण 2,500 जन्मांमागे एका बाळाला होतो, कारण पिढ्यानपिढ्या लग्नं आपसातच, आणि एकच बिघडलेला जीन फिरत राहिलेला.

पण कोडं होतंच. या पेशंटच्या रक्तात कॅल्शियम कमी नसतं, फॉस्फेट कमी नसतं, उलट बाळांमध्ये कॅल्शियम कधी कधी वाढलेलं असतं. सामान सगळं हजर आणि तरी हाड कडक होत नाही. याचं उत्तर भलत्याच बाजूने आलं. बोअरच्या पाण्याने बादलीला आणि गिझरच्या कॉइलला पांढरा थर बसतो ना, तसा थर पाइपात बसू नये म्हणून पाण्यात पॉलिफॉस्फेट टाकायची पद्धत उद्योगांमध्ये होतीच. स्वित्झर्लंडचे हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला याच जातीचा पायरोफॉस्फेट हा पदार्थ माणसाच्या लघवीत सापडला आणि तो कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक तयार होऊ देत नाही असं त्यांनी दाखवलं. म्हणजे शरीर स्वतःच सगळीकडे हा अडवणारा पदार्थ ठेवतं, म्हणून आपले स्नायू, रक्तवाहिन्या, कानाची पाळी हे सगळं मऊ राहतं. आणि अल्कलाइन फॉस्फटेज नेमका हाच पायरोफॉस्फेट तोडतं. हाडाच्या जागी अडथळा बाजूला, बाकी ठिकाणी तसाच.

आणखी एक धागा. 1967 ते 1969 च्या दरम्यान अमेरिकेत क्लार्क अँडरसन आणि इटलीत एर्मानो बोनुची या दोघांनी एकमेकांपासून वेगळं काम करत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली वाढत्या कूर्चेत अतिशय बारीक पिशव्या बघितल्या, एक मिलिमीटरचा दहा हजारावा भाग एवढ्या. पेशीतून सुटलेल्या या पिशव्यांमध्येच पहिले स्फटिक धरतात. पुढे त्या वेगळ्या काढल्या तर त्यांच्यात अल्कलाइन फॉस्फटेज ठासून भरलेलं!

मियान यांचं मोठेपण मला इथे दिसतं. हे सगळे तुकडे वेगवेगळ्या लोकांनी शोधलेले होते, ते एकत्र बसतात का हे जिवंत प्राण्यात तपासायचं होतं. हे एन्झाइम अजिबात नसलेले उंदीर होते. जन्मतात तेव्हा ठीक दिसतात, मग वजन वाढत नाही, झटके येतात, दोन-तीन आठवड्यांत मरतात. झटके का, तर हे एन्झाइम नसलं की बी-सिक्स व्हिटॅमिन मेंदूच्या पेशींना वापरता येत नाही. आता शरीरात पायरोफॉस्फेट बनवणारंही एक एन्झाइम आहे, तेही बिघडलेले उंदीर वेगळे होते, त्यांच्या सांध्यात भलत्याच जागी हाडासारखं कडक होतं. मियान यांच्या टीमने दोन्ही दोष एकाच उंदरात आणले, आणि 2002 मध्ये छापून आलेला निकाल असा की हाडाचं कडक होणं बरंचसं ताळ्यावर आलं. एक दोष तोडू देत नाही, दुसरा बनू देत नाही, मधली पातळी सावरली. खरी किल्ली पायरोफॉस्फेटच, हे तिथे पक्कं झालं.

(पडद्यावर: दाताचा उभा छेद)

आणि आता दात. दातावरच्या एनॅमलची सगळ्यांना काळजी, टूथपेस्टच्या जाहिराती त्याच्यावरच चालतात, पण दात जबड्यात टिकतो तो मुळावरच्या सिमेंटम नावाच्या पातळ थरामुळे. जबड्याचं हाड आणि हा थर यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी जागा असते, त्यात तंतू ताणलेले असतात, त्यांचं एक टोक हाडात रुतलेलं आणि दुसरं सिमेंटममध्ये. हायपोफॉस्फटेशियात सिमेंटम बनतच नाही किंवा नावापुरतं बनतं. तंतूंना रुतायला काही नाही, मग दात मुळासकट निसटतो. आपण सुरुवातीला बघितला तो असा पडतो. उलट ज्या उंदरांमध्ये पायरोफॉस्फेट कमी पडतं त्यांचं सिमेंटम नेहमीपेक्षा कितीतरी पट जाड होतं! हाडाचा एक्स-रे अगदी नॉर्मल असलेल्या सौम्य प्रकारातही दात पडतात, इतका हा थर पायरोफॉस्फेटच्या बाबतीत नाजूक आहे.

मग औषध. बाहेरून एन्झाइम द्यायचे प्रयत्न 1980 च्या दशकात झाले होते, रक्तातली पातळी वाढायची पण हाडावर फारसा फरक पडायचा नाही, कारण एन्झाइम नुसतं रक्तात फिरून उपयोग नाही, ते हाडापर्यंत जायला पाहिजे. यावर मियान आणि मॉन्ट्रियलच्या एनोबिया कंपनीच्या शास्त्रज्ञांनी जे केलं ते फार सुंदर आहे. एन्झाइमच्या शेपटाला अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड या अमिनो आम्लाचे दहा कण जोडले. हे कण हाडाच्या खनिजाला चिकटतात, म्हणजे औषध आपणहून जाऊन तिथे बसतं. 2008 मध्ये निकाल आले, जन्मापासून रोज इंजेक्शन दिलेले उंदीर जगले, झटके नाहीत, हाडं नीट, आणि 2011 मध्ये दाखवलं की दातसुद्धा नीट, सिमेंटम तयार झालेलं, तंतू रुतलेले.

तिकडे सेंट लुईसला मायकल व्हाइट नावाचे डॉक्टर कित्येक वर्षं अशी मुलं सांभाळत होते. त्यांच्या पुढाकाराने 11 अतिशय गंभीर बाळांवर आणि लहान मुलांवर हे औषध वापरलं गेलं, 2012 मध्ये ते छापून आलं. एक्स-रे मध्ये जिथे छातीच्या फासळ्या नीट दिसतही नव्हत्या तिथे काही महिन्यांत हाड दिसायला लागलं. पुढच्या अभ्यासात आकडे आले, औषध मिळालेली 95 टक्के बाळं वर्षापर्यंत जगली, पूर्वी औषध नसताना हे प्रमाण 42 टक्के होतं. 2015 मध्ये जपान, युरोप आणि अमेरिका तिन्हीकडे मान्यता मिळाली. अ‍ॅस्फोटेज अल्फा त्याचं नाव.

आता आपल्या कामाचं. लहान मुलांची हाडं वाढत असतात म्हणून त्यांचं एएलपी मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं, मोठ्यांची नॉर्मल रेंज साधारण 40 ते 130, मुलांची त्याच्या दुप्पट-तिप्पट. रिपोर्टवर जर मोठ्यांचीच रेंज छापलेली असेल तर मुलाचं 60 आलेलं एएलपी नॉर्मल दिसतं, आणि ते नॉर्मल नाही. पाच वर्षांच्या आत दात मुळासकट पडला तर तो दात टाकू नका, डेंटिस्टला दाखवा, आणि एएलपी वयाच्या रेंजशी ताडून बघायला सांगा. आणि मुडदूस समजून व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियमचे मोठे डोस आपल्या मनाने सुरू करू नका, कारण या आजारात कॅल्शियम आधीच वाढलेलं असू शकतं. मोठ्यांनीही लक्ष द्यावं. पावलाची हाडं वारंवार फ्रॅक्चर होतायत, गुडघे दुखतायत, हाडं ठिसूळ म्हणून बिस्फॉस्फोनेट या हाडांच्या औषधाच्या गोळ्या सुरू करायच्या असतील, तर त्याआधी एएलपी कमी नाही ना हे बघायला हवं. या गोळ्या पायरोफॉस्फेटच्याच धर्तीवर बनवलेल्या आहेत, पायरोफॉस्फेट आधीच साचलेल्या माणसाला त्या त्रास वाढवू शकतात.

मियान यांच्या लॅबने याच एन्झाइमला रोखणारी रसायनंही शोधली, कारण किडनीच्या पेशंटच्या रक्तवाहिन्या कडक होतात त्यात हेच एन्झाइम जास्त काम करत असतं. आणि जपानच्या निप्पॉन मेडिकल स्कूलबरोबर जीन थेरपीचं काम केलं, त्यात उंदराच्या पिल्लाला एकदाच इंजेक्शन देऊन एन्झाइम शरीरातच बनवायला लावलं. माणसांसाठी जे औषध मिळतं ते अजून सुईचंच, आठवड्याला तीन वेळा किंवा सहा वेळा, कातडीखाली, बहुतेकांना वर्षानुवर्षं, आणि एकाच जागी टोचत राहिलं तर ती जागा खड्डा पडल्यासारखी होते किंवा सुजते, म्हणून आया आज पोटावर, परवा मांडीवर अशी जागा बदलत राहतात.