गोष्ट संपली की तीन मिनिटं गप्प बसा

नमस्कार मंडळी, जय ख्रिस्त!

पुण्यात दर रविवारी उपासनेआधी मी संडे स्कूलचा वर्ग घेतो. बरीच वर्षं माझा तास ठरलेला होता. गोष्ट, सोनेरी वचन पाठ, चार प्रश्न, प्रार्थना. आणि मुलांची उत्तरंही ठरलेली: "येशू", "प्रेम करावं", "प्रार्थना करावी". एवढ्या भांडवलावर आमच्याकडे कुणीही पहिला नंबर काढू शकतो, धडा ऐकलेला नसला तरी!

एका रविवारी बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट झाली: लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी, दोघे धार्मिक लोक, ओलांडून जातात, आणि यहुद्यांना नकोसा असलेला शोमरोनी थांबून त्याला आपल्या जनावरावर बसवून नेतो. मुलांनी घडाघडा सांगितली. तास सुटला आणि तीच पोरं जिन्यात पडलेल्या एका छोट्याला ओलांडून खाली पळाली. त्यांना कशाला नावं ठेवू? मीही पुढे गेलो होतो. उपासनेला उशीर होत होता ना.

हे आमच्याच पोरांचं नाही बरं का. अमेरिकेत प्रिन्स्टनला पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होण्याचं शिक्षण घेणाऱ्या 40 विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो 1973 साली प्रसिद्ध झाला. एका इमारतीतून दुसरीकडे भाषणाला जायचं आणि वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला. काहींच्या भाषणाचा विषय हीच शोमरोन्याची गोष्ट! पण विषयाने फारसा फरक पडला नाही, घाईने पडला. ज्यांना खूप उशीर झालाय असं सांगितलं होतं, त्यांच्यातले दहा टक्केच मदतीला थांबले.

म्हणजे गोष्ट माहीत असणं आणि ती आपल्यात उतरणं, यांत बरंच अंतर आहे. ते अंतर कापायला मराठीत जुना शब्द आहे, मनन. बायबलमधल्या लूकच्या दुसऱ्या अध्यायात येशूच्या जन्मानंतर मेंढपाळ येऊन जातात आणि त्याची आई मरीया ऐकलेल्या गोष्टींचं मनात मनन करत राहते. लगेच प्रतिक्रिया देत नाही.

आणि येशू कसा शिकवतो बघा. धर्मशास्त्र जाणणारा एक शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? येशू हीच शोमरोन्याची गोष्ट सांगतो आणि प्रश्नच फिरवतो: या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याला "शोमरोनी" हा शब्दही उच्चारवत नाही. "ज्याने दया केली तो," एवढंच म्हणतो. तिथे त्याला काय टोचलं असेल, यावर माझ्या वर्गात अख्खा तास जाऊ शकतो.

आपल्या पंडिता रमाबाईंचंच घ्या. लहानपणी संस्कृतचे हजारो श्लोक मुखोद्गत. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. पण पुढे 1907 साली त्यांनी स्वतःच लिहिलं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो काही वर्षांनी भेटला. एवढी विदुषी बाई स्वतःच्या आयुष्याकडे असं मागे वळून पाहते. आणि आपण दहा वर्षांच्या पोराला लगेच उत्तर मागतो!

(वही कॅमेऱ्यासमोर धरून) तर आता मी हे करतो. गोष्ट संपली की तीन मिनिटं शांतता. पहिल्या वेळी फार लांब वाटतात. मुलं खुसखुसतात, बाहेर रिक्षा वाजते. वाजू द्या. मग वहीत एकच प्रश्न: "या गोष्टीत तू कुठे होतास?" शुद्धलेखन तपासायचं नाही, लाल पेन घरी ठेवायचं. इंग्रजी माध्यमाची मुलं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, लिहू दे. लहानांनी चित्र काढावं. वाचून दाखवायची सक्ती अजिबात नाही. नाहीतर पोरं पुन्हा आपल्याला आवडेल तेच लिहितात.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा: मी वही वाचणार आहे, आणि कुणी तुम्हाला त्रास देतंय असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर शिक्षकाला पाठ हवा.

शोमरोन्याच्या गोष्टीवर एका मुलाने लिहिलं, "मी ते जनावर होतो. जखमी माणसाला मी वाहिलं, शाबासकी दुसऱ्याला." इतक्या वर्षांत मला ते जनावर दिसलंच नव्हतं! तास संपल्यावर कळलं, घरी आजारी आजोबांचं सगळं तोच बघतो, कौतुक मोठ्या भावाचं होतं.

मी उपदेश केला नाही. (केला असता, सवय आहे.) फक्त दुसरा प्रश्न दिला: "या आठवड्यात एकदा काय करून बघशील?" त्याने लिहिलं, "दादाला सांगीन."

पुढच्या रविवारचा तास नवीन गोष्टीने नाही, त्याच वहीने सुरू झाला. विचारलं, काय झालं रे?

"सांगितलं. तो हसला."

तेही त्याने वहीत लिहिलं.