यहेज्केलच्या दोन काठ्या

अध्यक्षमहोदय आणि मंडळी,

निमंत्रणपत्रिकेवर विषयाचं नाव नुसतंच 'दोन काठ्या' असं छापलंय. आत येताना एका गृहस्थांनी मला विचारलं, "बाई, लाठीकाठीचं प्रात्यक्षिक किती वाजता?" तेव्हा आधीच सांगते, प्रात्यक्षिक नाही. यहेज्केल हा बायबलमधला संदेष्टा, आणि काठ्या त्याच्या. इस्राएलचे विखुरलेले वंश पुन्हा एक होतील, असं जे भाकीत सांगितलं जातं, त्याबद्दल मला बोलायचंय.

अलिबागच्या श्रोत्यांना बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, कोण हे मी सांगत बसणार नाही. नवगाव इथेच आहे, इस्रायल आळी इथेच आहे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' हे नाव तुमच्या आज्यांच्या तोंडी होतं. अली कोण होता आणि बाग नक्की कुणाची, यावरही बोलणार नाही. मागच्या रांगांत दोन्ही पक्ष बसलेले दिसतायत.

माझी तक्रार वेगळीच आहे. या विषयावर कुठेही बोला, शेवटी एक हात वर होतोच आणि प्रश्न ठरलेला: "ते दहा वंश गेले कुठे?" इस्राएलच्या बारा वंशांपैकी उत्तरेतले दहा, आजच्या इराकमधल्या अश्शूर साम्राज्याने हद्दपार केले आणि ते हरवले, अशी समजूत आहे. प्रश्न नावापुरता. विचारणाऱ्याच्या खिशात उत्तर तयार असतं. कुणी पठाण सांगतं, कुणी काश्मिरी, कुणी थेट जपान गाठतं. आणि आपल्याकडे असेल तर आवाज थोडा खाली आणून, "चित्पावनांबद्दल आपलं काय मत?" कोकणच्या किनाऱ्याला लागलेली प्रेतं, परशुरामाने चितेवर त्यांना दिलेला जीव, ही एक कथा. नवगावला फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेले सात पुरुष आणि सात बायका, ही दुसरी. दोन्हींत समुद्र आहे, म्हणून दोन्ही घराणी एक! घारे डोळे हा पुरावा धरायचा तर मांजरांनाही तेरावा वंश म्हणावं लागेल.

पण या खेळात आपण अगदीच नवशिके. एकोणिसाव्या शतकातले काही इंग्रज बघा. त्यांना पटलं होतं की हरवलेला एफ्राईम, म्हणजे त्या दहांतला मुख्य वंश, खुद्द आपणच. व्हिक्टोरिया राणी दावीद राजाच्या वंशातली. 'सॅक्सन' म्हणजे 'इसहाकाचे सन', इसहाकाची मुलं! आपल्या पु. ना. ओकांनाही हेवा वाटावा अशी व्युत्पत्ती. बोलण्यावर थांबले असते तर ठीक होतं. १८९९ ते १९०२ या काळात त्यांनी आयर्लंडमधल्या तारा टेकडीवर खणायला सुरुवात केली. कशासाठी? मोशेच्या आज्ञांच्या पाट्या ज्यात ठेवल्या होत्या तो कराराचा कोश तिथे पुरलाय म्हणून. तारा म्हणजे आयरिश लोकांच्या जुन्या राजांची जागा. कवी येट्स, मॉड गॉन वगैरे मंडळींनी केवढा आरडाओरडा केला. कोश सापडला नाही. टेकडीचं नुकसान मात्र झालं, ते आजही दिसतं. एक साम्राज्य हाताशी असताना शिवाय निवडलेली प्रजाही व्हावंसं वाटणं, ही हाव मला फार बोलकी वाटते.

बरं, मूळ गोष्टीकडे येते.

हे वंश वेगळे झाले ते अश्शूरच्या सैन्यामुळे नव्हे. त्याच्या दोनशे वर्षं आधीच घर फुटलं होतं. शलमोन राजा गेला, इसवी सनापूर्वी ९३०च्या सुमाराला. मुलगा रहबाम गादीवर बसायला शखेमला गेला. उत्तरेकडचे लोक म्हणाले, तुझ्या बापाने आमच्यावर वेठबिगारीचं जू लादलं, ते हलकं कर, आम्ही तुझेच. म्हाताऱ्या सल्लागारांनी सांगितलं, गोड बोल. बरोबर वाढलेल्या पोरांनी सांगितलं, दम दे. आणि रहबामने दिला: बापाने आसुडाने मारलं, मी विंचवांनी फोडून काढीन. माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड आहे, हे वाक्यही त्या पोरांनीच त्याला पढवलेलं. लोक म्हणाले, दावीदच्या घराशी आमचं देणंघेणं संपलं, आणि आपापल्या डेऱ्यांकडे निघून गेले. वेठीवरचा अधिकारी समजूत घालायला पाठवला, त्याला दगडांनी ठेचला. झाली वाटणी. उत्तरेला इस्राएल, म्हणजे एफ्राईम, दक्षिणेला यहूदा. पेशवाईची भाऊबंदकी ज्यांनी वाचलीय त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

पुढे इसवी सनापूर्वी ७२२च्या सुमाराला शोमरोन, म्हणजे उत्तरेच्या राज्याची राजधानी, पडलं. अश्शूरचा राजा सारगोन आपल्या शिलालेखात आकडा देतो, २७,२९० माणसं नेली. राजे आकडे फुगवून लिहितात, कमी करून नव्हे. तरी हा खरा धरला, तर दहा वंश म्हणजे एवढीच माणसं का? मग उरलेले?

उरलेले तिथेच होते. काही दक्षिणेला पळून आले; त्याच काळात यरुशलेम एकदम फुगलेलं दिसतं, ते निर्वासितांमुळे असं पुष्कळ उत्खननकारांचं मत आहे. यहूदाचा राजा हिज्कीया याने वल्हांडण या ज्यूंच्या सणाचं आमंत्रण उत्तरेत गावोगाव धाडलं. जासुदांना बहुतेकांनी हसून उडवून लावलं, पण आशेर, मनश्शे, जबुलून या वंशांतले थोडे आले. पुढे बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, लोकांनी यरुशलेमचं मंदिर जाळल्यावरचा एक प्रसंग यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात ४१व्या अध्यायात आहे. सहसा कुणी वाचत नाही. शखेम, शिलो, शोमरोन इथून ऐंशी माणसं दाढ्या काढून, कपडे फाडून, हातात धान्यार्पण आणि धूप घेऊन परमेश्वराच्या घराकडे निघालीत. ही 'हरवलेली' माणसं! वाटेत इश्माएल नावाचा यहूदाच्या राजघराण्यातला एक जण रडत रडत सामोरा येतो, आत बोलावतो आणि कापून काढतो. दहा जण वाचले, कारण त्यांनी शेतात गहू, तेल आणि मध लपवून ठेवला होता.

आणखी पुढे, बाबेलहून परतलेले लोक मंदिर पुन्हा बांधायला लागले, तर शोमरोनकडचे आले: आम्हालाही बांधू द्या, आम्हीही तुमच्याच देवाला भजतो. उत्तर मिळालं, तुमचा आमचा संबंध नाही. एज्राचा ग्रंथ म्हणतो, ही अश्शूरच्या राजांनी आणून वसवलेली परकी माणसं. असतीलही काही. पण शोमरोनी लोक स्वतःला एफ्राईम आणि मनश्शेचे म्हणवतात, आणि आजही नाब्लुसजवळ गरिज्जीम डोंगरावर वल्हांडणाचा कोकरू कापतात. हजाराच्या आत उरलेत.

म्हणून माझं म्हणणं असं, की हे वंश हरवले कमी आणि दारातून परतवले गेले जास्त. याचं उदाहरण द्यायला मला तीन हजार वर्षं मागे जायची गरज नाही. तुमच्याच गावची माणसं पुरतात.

बेने इस्रायलांना ज्यू म्हणून ओळखणाऱ्या, बाहेरून आलेल्या दावीद रहाबीची गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बायकांपुढे सगळ्या जातीचे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर नसलेले, म्हणजे ज्यूंना वर्ज्य असलेले, वेगळे काढले, आणि त्याने ओळखलं. या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या कोलंबी न खाणं म्हणजे धर्मनिष्ठेची कसोटीच! तर मासे निवडण्याच्या त्या परीक्षेत पास झालेल्यांची नातवंडं-पतवंडं १९४८नंतर इस्रायलला गेली. अलीयाहू हन्नाबीचा, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या नावाचा, मलिदा बरोबर, किहीमकर, पेणकर, दिवेकर ही आडनावं बरोबर, मराठीही बरोबर. आणि १९६२मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना काढली: बेने इस्रायलपैकी कुणी इतर ज्यूंशी लग्न करणार असेल, तर आई, आजी आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासा. कुणी बाहेरचं आलंय का, घटस्फोट नियमाने झालेत का. आता पेणच्या नाहीतर रेवदंड्याच्या पणजीचा घटस्फोट रब्बीसमोर झाला की नाही याचा कागद कुठून आणायचा? पणजीने घटस्फोट हा शब्द तरी ऐकला होता का?

मग ही माणसं यरुशलेममध्ये ठिय्या देऊन बसली. गांधींच्या देशातून गेलेली, त्यांना ते शिकवावं लागलं नाही. प्रकरण पार्लमेंटात गेलं. ऑगस्ट १९६४मध्ये क्नेसेटने ठराव केला की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यूच आहेत. सूचनेतून त्यांचं नाव निघालं. 'ज्यांच्याबद्दल शंका असेल ते' एवढं राहिलं. रब्बींचाही एक मुद्दा होता, नाही असं नाही. उद्या मुलांच्या लग्नात अडचण नको, ही त्यांच्या कायद्यातली खरी काळजी. पण परत आलेल्याला उंबऱ्यावर उभं करून आजीचा दाखला मागायचा... इथिओपियाच्या ज्यूंना १९७३मध्ये दान वंशाचे मानलं, तरी आल्यावर शुद्धीची डुबकी घ्या म्हणाले. मणिपूर-मिझोरमच्या बेने मेनाशेंना २००५मध्ये इस्राएलचे वंशज ठरवलं, आणि तरी रीतसर धर्मांतर...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत, म्हणजे पाच. आणि काठ्या अजून काढल्याच नाहीत मी!

तर पटापट. यहेज्केल हा बाबेलात कबार नदीकाठी हद्दपार झालेला याजक. ३७वा अध्याय. सगळ्यांना त्यातलं वाळक्या हाडांचं खोरं आठवतं, पुढचं नाही. देव सांगतो, एक काठी घे, तिच्यावर लिही 'यहूदा'. दुसरी घे, लिही 'योसेफ, एफ्राईमची काठी'; योसेफ हा एफ्राईमचा बाप. दोन्ही हातात अशा धर की एक होतील. लोक विचारतील हे काय, तेव्हा सांग. राष्ट्रांतून माणसं गोळा करण्याचं वचन तिथे आहेच, पण लगेच पुढे येतं ते असं, की यापुढे ही दोन राष्ट्रं असणार नाहीत. आणि क्रम बघा: देव आधी योसेफची काठी घेतो, मग तिला यहूदाची जोडतो. राजा मात्र दावीदच, यहूदाचा. दोघांनाही थोडं गिळायला लावलंय. यशया ११व्या अध्यायात म्हणतो, एफ्राईम यहूदाचा हेवा करणार नाही आणि यहूदा एफ्राईमला छळणार नाही. दोन्ही बाजूंनी. यिर्मया ३१ घरी वाचा, राहेलच्या विलापाचा, होशेयही वाचा. यहेज्केलने स्वतः २३व्या अध्यायात दोन्ही राज्यांना बहिणी कल्पून अशा शिव्या घातल्यात की त्या मी सभेत वाचणार नाही. तोच माणूस काठ्या जोडतोय, आणि तेही शोमरोन पडून सव्वाशेहून अधिक वर्षं झाल्यावर, उत्तरेची हद्दपारी पाहिलेला एकही माणूस जिवंत नसताना.

शेवटचं, मग बसते. याच ग्रंथाच्या शेवटी जमिनीची वाटणी आहे. बारा वंशांना सारखी, योसेफला दोन वाटे. आणि ४७व्या अध्यायात, २२ आणि २३ या वचनांत म्हटलंय, तुमच्यात राहणाऱ्या, तुमच्यात मुलंबाळं झालेल्या परक्यांनाही तुमच्याबरोबर वतन द्या. तो ज्या वंशात राहत असेल, त्याच वंशात त्याचा वाटा. त्याची आजी कोण, हे विचारायला तिथे कुणालाही सांगितलेलं नाही.