कुंभार्ली घाट आणि उरलेले सहा टक्के

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या मे महिन्यात गुहागरहून पाटणला मावशीकडे निघालो होतो. मी, आमचे हे, आई आणि भाचा. गाडी इलेक्ट्रिक, बॅटरी तीस युनिटची. चिपळूणला चार्ज करून घाट चढायचा बेत होता, पण तिथला चार्जर बंद. पडद्यावर ३१ टक्के चार्ज, खाली गाडी अजून किती जाईल तो आकडा, ९० किलोमीटर. पाटण त्याच्या बरंच अलीकडे. निघालो.

इथेच चूक झाली. तो आकडा पुढच्या रस्त्याचा नसतो, मागच्या रस्त्याचा असतो. आतापर्यंत गाडीनं जेवढी वीज खाल्ली, त्या हिशेबानं ती सांगते. पुढे घाट आहे हे बऱ्याच गाड्यांच्या त्या आकड्यात धरलेलंच नसतं.

पोफळीपर्यंत ठीक चाललं. कोयनेचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून याच भागात खाली सोडतात आणि त्या पडण्यातून वीज होते. सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्या दिवशी ती उलटी समजली. पाणी उंचावरून खाली येताना वीज देतं, आणि आम्हाला तसंच खालून वर जायला वीज मोजावी लागणार होती. हिशेब सोपा आहे. चार माणसं आणि सामानासकट गाडी पावणेदोन टन धरा. शंभर मीटर चढायला साधारण अर्धं युनिट. कुंभार्लीची चढाई सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या उंचीचीच तीन युनिटं. रस्ता कापायची वीज वेगळी.

अर्ध्या घाटात एसी बंद केला. आईच्या कपाळावर घाम, हातातल्या वर्तमानपत्रानं ती भाच्याला वारा घालत होती. माथ्यावर आलो तेव्हा सहा टक्के. उतारावर थोडी वीज परत मिळते, पण या घाटाच्या पूर्वेला उतार फारसा नाहीच. हेळवाकजवळ पडद्यावर कासव उमटलं. बॅटरी संपत आली की गाडी स्वतःच जोर कमी करते, त्याची ती खूण.

रस्त्याकडेच्या एका हॉटेलात फ्रीजचं १५ अँपिअरचं सॉकेट मिळालं. वायर जोडली तर चार्जरवर लाल दिवा. मालक मागच्या दारी जाऊन पाहून आले. म्हणाले, "ताई, अर्थिंग सुकलंय बघा. थांबा जरा." अर्थिंग म्हणजे जमिनीशी जोडणी; ती नीट नसली की चार्जर वीज घेत नाही. त्यांनी दोन बादल्या पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं. माती चर्रकन पाणी प्यायली आणि थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला. त्या हिरव्या दिव्याचा आनंद अजून आठवतो.

अशा सॉकेटमधून तासाला साधारण तीन युनिटं मिळतात. दोन तास बसलो. मालकांनी आईला माजघरात पंख्याखाली आडवं व्हायला लावलं. विजेचे पैसे मी बळेच हातात ठेवले. चहाचे मात्र त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत.

पुढे पाटणपर्यंत गाडी पन्नासच्या वर नेली नाही. पोचलो तेव्हा अकरा टक्के शिल्लक होते, आणि मावशी दिवा लावून अंगणात उभी होती.