कार्बोप्रॉस्टची कुपी आणि फिटची भीती

लेबर रूमच्या फ्रीजमध्ये, दोन ते आठ अंशांवर ठेवलेली ही कुपी कार्बोप्रॉस्टची, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन गटातल्या औषधाची. वार पडली, पण गर्भपिशवी आकसत नाही, ती आवळणाऱ्या ऑक्सिटोसिननेही रक्त थांबत नाही, तेव्हा हिची आठवण होते. २५० मायक्रोग्रॅम, खोल स्नायूत. गरज पडली तर १५ मिनिटांनी पुन्हा, एकूण आठ डोसांपर्यंत. माहितीपत्रकात जपून वापरण्याच्या यादीत दम्याबरोबर अपस्मारही (फिटचा आजार) आहे, आणि तो वाचून हात आखडतो.

हा इशारा जुना आहे. १९७०च्या दशकात गर्भपातासाठी याच गटातलं प्रोस्टाग्लँडिन एफ-टू-अल्फा थेट गर्भजलात टोचत, तेही मिलिग्रॅमच्या मापात. त्यात काही स्त्रियांना फिट आल्या. १९७३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांच्या मेंदूच्या आलेखातले बदलही छापून आले. आजचं माप मायक्रोग्रॅमचं. कळा आणायला याच गटातलं मिसोप्रोस्टॉल तोंडाने २५ मायक्रोग्रॅम, दर दोन तासांनी. तेव्हा अपस्मार आहे म्हणून रक्तस्रावात औषध रोखून धरणं ही चूक. रक्त वाहून जाणं त्याहून घातक.

खरा घोळ आडवळणाने होतो. कार्बोप्रॉस्टने उलट्या-जुलाब लागतात, आणि सकाळी घेतलेली फिटची गोळी बादलीत जाते. त्यात रात्रभराचं जागरण. शिवाय गरोदरपणात लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी आधीच उतरलेली असते. म्हणून गोळीची वेळ कळांमध्येही चुकवायची नाही; पोटात ठरत नसेल तर लेव्हेटिरॅसिटाम हे फिटचं औषध शिरेतून द्यायचं.

मिसोप्रोस्टॉलनंतर बाई थडथड कापते, ताप चढतो. ही हुडहुडी, फिट नव्हे. नाव विचारा. उत्तर आलं, तर पांघरूण आणि पॅरासिटामॉल. शुद्ध हरपली, दातखीळ बसली, तर तिला कुशीवर वळवा, ऑक्सिजन लावा आणि लगेच रक्तदाब बघा. अपस्मार माहीत असला तरी बघाच. वाढलेला असेल, तर एक्लॅम्पसिया (गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाने येणारी फिट) समजून मॅग्नेशियम सल्फेट: चार ग्रॅम शिरेतून सावकाश, पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. सोडियमही तपासा. ऑक्सिटोसिन ग्लुकोजच्या बाटल्यांमधून तासन्‌तास चाललं, तर अंगात पाणी साठतं, सोडियम घसरतं आणि फिट येते. दोष मात्र शेवटी टोचलेल्या इंजेक्शनला लागतो.

नवजात बाळांचा हिशोब वेगळा. हृदयातल्या जन्मजात दोषामुळे डक्टस (हृदयाजवळची, जन्मानंतर मिटणारी रक्तवाहिनी) उघडी ठेवावी लागते, तेव्हा अल्प्रोस्टॅडिल, हेही प्रोस्टाग्लँडिनच, पंपावर चालतं. त्याच्या माहितीपत्रकानुसार सुमारे १२ टक्के बाळांचा श्वास थांबतो, सुमारे ४ टक्के बाळांना फिट येतात. बाळं मुळातच ऑक्सिजनला वंचित, त्यामुळे फिट औषधाची की आजाराची, हे सांगणं अवघड. फिट दिसली की आधी श्वास, मग साखर आणि कॅल्शियम. डक्टस उघडी असेल, तर डोस मिनिटाला किलोमागे ०.०१ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणता येतो. हृदयतज्ज्ञाला विचारल्याशिवाय पंप बंद करायचा नाही. बंद केला, की डक्टस मिटायला लागते.