ल्यूबेकचं मारिएनकिर्शे: खऱ्या घंटा, खोटे संत

(दृश्य: दक्षिण मनोऱ्याच्या तळाशी पडलेल्या घंटा)

मारिएनकिर्शे, म्हणजे मेरीच्या चर्चच्या मनोऱ्याखालच्या या घंटा नीट बघा. काठ तुटलेत, धातू चेपलाय, तुकडे फरशीत रुतलेत. २८ मार्च १९४२ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी उत्तर जर्मनीतल्या ल्यूबेकवर बाँब टाकले. दुसऱ्या दिवशी पाम संडे, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार होता. मनोरा पेटला, घंटा वरून कोसळल्या, आणि जिथे पडल्या तिथेच त्या आजही आहेत. बाकीचं चर्च मात्र पुन्हा उभं राहिलं.

(दृश्य: कॅमेरा मधल्या दालनातून छताकडे)

बाल्टिक समुद्राकाठच्या या पट्ट्यात बांधकामाचा दगड सहज मिळत नाही, म्हणून सगळा भार विटांवर. तेराव्या-चौदाव्या शतकात इथल्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी हे चर्च बांधलं. गावात बिशपचं कॅथेड्रल होतंच, पण आपलं त्याहून मोठं हवं, हा हट्ट. छत साडेअडतीस मीटरवर. विटांच्या कमानी एवढ्या उंच नेण्याचं धाडस करायला पैसा हवा, आणि थोडा माजही.

१७०५ मध्ये विशीतला संगीतकार बाख इथला ऑर्गनवादक बुक्स्टेहूडे याचा ऑर्गन ऐकायला दूरच्या आर्नश्टाट गावाहून आला, तोही पायी, असं सांगतात. चार आठवड्यांची रजा घेऊन निघाला आणि काही महिने रमला. १९४२ च्या आगीत इथले जुने ऑर्गन गेले.

(दृश्य: भिंतीवरची रंगीत चित्रं, अगदी जवळून)

त्याच आगीने एक गोष्ट उघडीही केली. धगीने भिंतींवरचा चुना सुटला आणि खाली मध्ययुगीन चित्रं दिसली. युद्धानंतर ती दुरुस्त करायचं काम डीट्रिश फायकडे आलं. चित्रं रंगवत होता त्याचा सहकारी लोथार माल्स्काट. वेदीच्या बाजूला उंचावर जुनं फारसं शिल्लकच नव्हतं. माल्स्काटने तिथे संत चक्क नव्याने काढले. १९५१ मध्ये चर्चचा सातशेवा वर्धापनदिन झाला, पाहुणे माना वर करून थक्क झाले, टपाल खात्याने चित्रांची तिकिटंही काढली.

श्रेय सगळं फायला. पुढच्याच वर्षी माल्स्काटने कबुली दिली: ते संत माझे! आधी कुणाचा विश्वास बसेना. शेवटी खटला चालला आणि १९५५ मध्ये दोघांनाही शिक्षा झाली. वेदीकडची बनावट चित्रं पुसून टाकली गेली. मधल्या दालनातली तुम्हाला दिसताहेत ती मुळात जुनी, पण त्यांच्यावरही दुरुस्तीचा हात बराच फिरलाय. मला विचाराल तर माल्स्काटपेक्षा त्या थक्क झालेल्या जाणकारांची गंमत जास्त वाटते.

चर्चमध्ये खिळ्यांचा एक क्रूसही आहे, समेटाची खूण म्हणून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीकडून आलेला. तिथलं कॅथेड्रल नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बाँबनी जळलं होतं. त्याच्या छताच्या खिळ्यांवरून या क्रूसाची कल्पना निघाली.

(दृश्य: बाहेर, दगडावर बसलेला कांस्याचा सैतान)

आणि बनावट गोष्टच ऐकायची असेल तर ही ऐका. बांधकाम चाललेलं बघून सैतानाला वाटलं, दारूचा गुत्ता होतोय. तोही विटा वाहू लागला. चर्च आहे कळल्यावर मोडून टाकायला निघाला, तेव्हा लोकांनी समजूत काढली: थांब बाबा, तुझ्यासाठी शेजारीच गुत्ता काढतो! शेजारच्या टाउन हॉलच्या तळघरात तो निघालाही.