केसादिया : आधी मका, मग चीज

मेक्सिकोच्या दक्षिणेला ओआहाका राज्य आहे. केसादिया म्हणजे टॉर्टिलात, म्हणजे तिथल्या पातळ पोळीत, सारण घालून, दुमडून तव्यावर भाजलेला पदार्थ. इथल्या घरात उद्याच्या केसादियाची तयारी आज संध्याकाळीच सुरू होते. एक किलो सुका मका, भरपूर पाणी आणि साधारण 10 ग्रॅम खाण्याचा चुना. मका उकळू लागला की पाणी पिवळं होतं. दाणा बोटांत चोळून पाहायचा. साल सुटायला लागलं, की भांडं उतरवायचं आणि मका त्याच पाण्यात रात्रभर झाकून ठेवायचा.

सकाळी दाणे चोळून धुतात. सालं पाण्याबरोबर निघून जातात. मग दळण. काही घरांत अजून मेताते हा दगडी पाटा वापरतात, पण बहुतेक जण ओला मका गल्लीतल्या गिरणीवर नेतात. तिथून जो मऊ, दमट पिठाचा गोळा येतो, त्याला स्पॅनिशमध्ये ‘मासा’ म्हणतात. केसादियाची सगळी चव इथेच ठरते, असं मला मनापासून वाटतं.

चुन्याने पीठ बांधलं जातं, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. पुढे मका समुद्रापार युरोपात गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. उत्तर इटलीत मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना नायसिनच्या अभावाने पेलाग्रा हा आजार झाला. अंगावर चट्टे, जुलाब, शेवटी बुद्धिभ्रंश. मेक्सिकोतल्या बायका मात्र शतकानुशतकं मका चुन्यात शिजवत होत्या.

चीज इथे खूप नंतर आलं. 1521 मध्ये स्पॅनिशांनी अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली, त्यानंतर गाई आल्या आणि दूधदुभतं आलं. आज ओआहाकात लागतं ते केसियो नावाचं चीज. दह्यासारखा आंबवलेला चोथा गरम पाण्यात मऊ करून ताणतात, त्याच्या लांब पट्ट्या काढतात, मीठ लावतात आणि लोकरीसारखा गुंडा करतात. ते किसायचं नाही, हाताने तंतू सोडवायचे. मेक्सिको सिटीत तर चीज हवं असेल तर तसं सांगावं लागतं, नाहीतर नुसत्या भाजीची केसादिया हातात पडते. यावर तिथे भांडणं होतात. मी चीजवाल्यांच्या बाजूने आहे.

सारण म्हणून भोपळ्याची फुलं घ्या. ती आपल्याकडेही खातात. नरफुलं खुडायची, म्हणजे वेलाचे भोपळे जात नाहीत. देठाकडची हिरवी पानं आणि आतला पराग काढायचा. कांदा, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात फुलं टाकली की दोन मिनिटांत बसतात. तिथे वर एपासोते घालतात, चाकवताच्या कुळातली उग्र वासाची पालेभाजी. ती नसेल तर काहीच घालू नका. कोथिंबिरीची चव वेगळी.

पुण्या-मुंबईच्या कॅफेत मिळते ती बहुधा मैद्याच्या टॉर्टिलाची, त्रिकोणी कापलेली. गव्हाचा टॉर्टिला मुळात उत्तर मेक्सिकोचा. घरी मक्याची करायची असेल, तर दुकानातलं साधं मक्याचं पीठ घेऊ नका. त्याची भाकरी होते, पण दुमडली की चिरते. चुन्यात शिजवलेल्या मक्याचं मासा पीठ मिळतं, ते आणा. कोमट पाण्यात मळा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. लिंबाएवढा गोळा दाबून पाहा. कडा फाटल्या, तर पाणी कमी आहे.

प्लास्टिकच्या दोन कागदांत गोळा ठेवून पाटाने दाबा. तवा चांगला तापलेला हवा, तेल नको. कडा सुटल्या की उलटा, अर्ध्या भागावर चीज आणि फुलं पसरा, दुमडा, काठ हलके दाबा. केसियोऐवजी मोझरेला चालतं. तेही ताणूनच करतात, फक्त त्यात मीठ कमी, तेव्हा चिमूटभर वरून घाला. दोन्ही बाजूंना तपकिरी ठिपके आले आणि काठातून चीज तव्यावर उतरून चुरचुरलं, की काढा. तो करपलेला चीजचा तुकडा उलथन्याने खरवडून बरोबरच वाढा. सगळ्या करून मग एकत्र बसायचा बेत करू नका. गार झाली की मासा वातड होतो. जी तव्यावरून उतरेल, ती ज्याची पाळी असेल त्याने तिथेच खावी.